मानवी हक्कांचा पेपर आणि फडातून आलेली वही : अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
मानवी हक्क विषयाचे अभ्यासमंडळ

सप्रेम नमस्कार.

मी ज्या तालुक्यात शिकवते तिथली अर्धी गावं दिवाळी झाली की रिकामी होतात. दारांना कुलपं लागतात, ओट्यावर म्हातारी माणसं उरतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून संसार ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात. माझ्या वर्गातली मुलंही त्यांत असतात. गेली नऊ वर्षं मी इथल्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते आणि त्याबरोबर मानवी हक्क आणि सांस्कृतिक विविधता हा आपला दोन क्रेडिटचा अनिवार्य पेपरही. अभ्यासक्रम बदलायचा आहे, शिक्षकांनी सूचना पाठवाव्यात, असं परिपत्रक आलं. सोबतच्या नमुन्यात सूचनेसाठी चार ओळींची जागा आहे. माझं म्हणणं तेवढ्यात मावत नाही, म्हणून हे पत्र. ते खुलं आहे, कारण ज्या मुलांबद्दल ते आहे त्यांनाही ते वाचता आलं पाहिजे.

हा पेपर बहुतेक ठिकाणी कसा चालतो हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचे तास कमी पडतात त्याच्याकडे तो जातो. त्याचे गुण श्रेणीत धरले जात नाहीत, म्हणून मुलं आदल्या रात्री प्रश्नसंच पाठ करून येतात. मलाही तो वर्कलोड भरायलाच मिळाला होता. पहिल्या वर्षीच्या एका तासाने मात्र माझं मत कायमचं बदललं.

त्या दिवशी फळ्यावर मी ‘मानवी हक्क अहस्तांतरणीय असतात’ असं लिहिलं होतं. मुलं निमूटपणे उतरवून घेत होती. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “मॅडम, म्हणजे सातबाऱ्यासारखं नाही? सातबारा दुसऱ्याच्या नावावर होतो. हा होत नाही?” मी म्हटलं, अगदी बरोबर. तेवढ्यात तिच्या पलीकडचा मुलगा म्हणाला, “आणि गहाण?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याच्या घरी उचल घेतलेली होती. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली ती रक्कम नवरा-बायकोने मिळून, म्हणजे एका कोयत्याने, ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायची सोय राहत नाही. हक्क विकता येत नाही एवढं आमच्या पुस्तकात होतं. तो गहाण पडू शकतो का, हा प्रश्न पुस्तकात नव्हता, आणि तो विचारायला त्या मुलाला कुणी शिकवलंही नव्हतं.

पुढचे दोन तास मी नोट्स बाजूला ठेवल्या. संविधानाचं २३ वं कलम वाचलं, ज्यात वेठबिगारीला मनाई आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचला, ज्यात आगाऊ रकमेच्या बदल्यात बांधून घेतलेल्या श्रमाचं वर्णन आहे. १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं तेही सांगितलं : किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबतो तेव्हा त्यालाही सक्तीचं श्रमच म्हणायचं, कारण भूक आणि गरिबी ही सुद्धा सक्तीच आहे. वर्गात एरवी जी कुजबुज असते ती त्या दिवशी नव्हती. तास संपल्यावर तो मुलगा एवढंच विचारायला थांबला की हा निकाल मराठीत कुठे मिळेल.

आपल्या अभ्यासक्रमाचं पहिलं प्रकरण १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून सुरू होतं, १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यावरून १० डिसेंबर १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्याला पोचतं आणि संपतं. हे सगळं शिकवावंच. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचा शब्द होता आणि भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथे ‘सर्व मानव’ आणला, हे सांगितलं की वर्गातल्या मुलींच्या माना वर येतात. पण त्या प्रकरणात महाड नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हक्क कागदावर येण्यात आणि हातात येण्यात किती अंतर असतं, हे समजावून सांगायला महाडइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत कुणाला त्यातलं ओंजळभर पाणी घेता आलं नव्हतं. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, दावा लावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. ठराव, सत्याग्रह, मारहाण, दावा, निकाल असा तो चौदा वर्षांचा प्रवास आहे. मुलांना २० मार्च ही तारीख जयंतीच्या भाषणांतून पाठ असते. पण तो आपण शिकतो त्याच विषयाचा धडा आहे, हे विद्यापीठाने त्यांना कधी सांगितलेलं नसतं.

आता त्या वहीविषयी सांगते.

दोन वर्षांपूर्वी बंजारा तांड्यावरची एक मुलगी माझ्या वर्गात होती. हुशार, कमी बोलणारी. दिवाळीआधी सांगायला आली की आईबरोबर उसाच्या फडात जावं लागणार, वडिलांची कंबर गेली आहे आणि कोयता मोडला तर उचल अंगावर येईल. शाळेतल्या मुलांना मागे राहता यावं म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहं चालतात. कॉलेजच्या मुलीला तसा आधार नाही, कारण या वयात ती पुरता अर्धा कोयता असते. मी तिला म्हटलं, जमेल तेव्हा लिहून ठेव, काहीही.

ती गुढीपाडव्याच्या सुमारास परत आली आणि माझ्या हातात शंभरपानी वही ठेवली. पुठ्ठा भिजून फुगलेला, कडांना उसाच्या रसाचे चिकट डाग. आत तिने पट्टीने रकाने आखले होते : तारीख, गाव, किती वाजता उठलो, किती मोळ्या, पाणी कुठलं. रकाने मी सांगितलेले नव्हते, तिचे तिनेच ठरवले होते. उठण्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी ‘३’ आहे. पाण्याच्या रकान्यात कुठे ‘मोटार’, कुठे ‘कॅनॉल’, कुठे ‘टँकर’, आणि जानेवारीतल्या एका दिवसापुढे ‘विहिरीवर येऊ नका म्हणाले’. महाडचा तास तिने दिवाळीआधी ऐकला होता. त्या ओळीपुढे तिने स्वतःचं काही म्हणणं लिहिलेलं नाही. फक्त कंसात ‘१९२७’ लिहिलं आहे.

वहीचा काही भाग मराठीत आहे, काही गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. आईविषयीचं सगळं गोरमाटीत. मला ते तिच्याकडून समजून घ्यावं लागलं. याडीला (आईला) ताप आहे, पण खाडा पडेल म्हणून ती गेली, असं एका दिवशी आहे. काम चुकलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. पुढे एके ठिकाणी तिने टोळीतल्या बायांची मोजणी केली आहे : कुणाची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली आहे, कुणाची नाही, आणि काढली तेव्हा वय काय होतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. हे आकडे मी दरवर्षी वर्गात देते. पण शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी हातात कोयता आला, दुखायला लागलं की कुणाला सांगितलं, मुकादम काय म्हणाला, हे त्या आकड्यात नाही. ते त्या वहीत होतं. आरोग्याचा हक्क, कामाच्या न्याय्य परिस्थितीचा हक्क, स्वतःच्या शरीरावरचा हक्क, हे तीन मुद्दे आपल्या तिसऱ्या प्रकरणात वेगवेगळ्या पानांवर येतात. तिच्या वहीत ते एकाच बाईच्या एकाच दिवसात आहेत.

या मुलीला त्या सत्रात परीक्षेला बसता आलं नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरी नव्हती. अंतर्गत मूल्यमापनासाठी ही वही धरावी, अशी मी लेखी विनंती केली. नियमात तरतूद नाही, असं उत्तर आलं. ज्यांनी उत्तर दिलं त्यांना मी दोष देत नाही, तरतूद खरोखरच नाही. ती असायला हवी, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे. वर्गातल्या इतर मुलांनी २३ व्या कलमावरचा प्रश्न वाचून सोडवला आणि ती मुलं पास झाली. जिने ते कलम पाच महिने अंगावर काढलं, तिच्या गुणपत्रिकेवर ‘अनुपस्थित’ आलं. तिने पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला हे तिचं धैर्य आहे, आपल्या व्यवस्थेचं श्रेय नाही.

मानवी हक्क शिक्षणावरचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १९ डिसेंबर २०११ चा आहे. त्यात या शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत : हक्कांविषयीचं ज्ञान, हक्क पाळले जातील अशी शिकण्याची पद्धत, आणि हक्क बजावण्याची व दुसऱ्याचे जपण्याची ताकद. आपण पहिल्यावर थांबलो आहोत. दुसरी बाजू हजेरीपत्रकात आहे, प्रश्नपत्रिकेच्या भाषेत आहे, चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा पहिल्या मजल्यावरच्या वर्गात कसा येतो यात आहे. वर्ग स्वतः हक्क मोडत असेल, तर त्यात बसून हक्क शिकता येत नाहीत.

सांस्कृतिक विविधतेविषयीही थोडं मनातलं सांगायचं आहे. आपल्याकडे या भागाचं प्रात्यक्षिक म्हणजे पारंपरिक वेशभूषा दिन. गेल्या वर्षी गॅदरिंगला एका मुलीने तांड्यावरून मागून आणलेली फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घातली, आरशांनी मढवलेली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ज्या मैत्रिणीच्या आजीची ती कांचळी होती, ती मंडपात माझ्या शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. आणि मग हळूच म्हणाली, “मॅडम, मी होस्टेलवर आजीचा फोन बाहेर जाऊन घेते.” खोलीतल्या मुली तिची बोली ऐकून हसतात म्हणून. कपड्याला बक्षीस मिळतं आणि भाषा जिन्याखाली जाऊन बोलावी लागते. याला विविधता शिकवणं म्हणता येत नाही.

विविधता म्हणजे सगळं गोडच असतं असंही नाही. प्रश्नपत्रिकेत दरवर्षी येणारा ‘सांस्कृतिक विविधतेचे महत्त्व विशद करा’ हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. एका भटक्या समाजातल्या मुलाने त्याचं उत्तर लिहिताना त्यांच्या जातपंचायतीने त्याच्या काकांना वाळीत टाकल्याचं लिहिलं : लग्नाला बोलावणं नाही, मयतीला खांदा नाही. आणि खाली विचारलं, हीसुद्धा आमची संस्कृतीच आहे, मग तिचं महत्त्व काय लिहू? त्या उत्तराला नमुना उत्तरपत्रिकेप्रमाणे गुण द्यायचे तर दोनच देता आले असते.

खरं तर या प्रश्नावर शिकवण्यासारखं आपल्याकडे केवढं आहे! युनेस्कोच्या २००१ च्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम सांगतं की निसर्गाला जैवविविधता जितकी गरजेची, तितकी माणसाला सांस्कृतिक विविधता. चौथं कलम सांगतं की विविधतेचं कारण पुढे करून कुणाचे मानवी हक्क डावलता येणार नाहीत. आपण पहिलं शिकवतो, चौथ्यापर्यंत जातच नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्मसंप्रदायाला स्वतःच्या बाबी चालवण्याचा हक्क आहे. त्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. समूहाचा हक्क मोठा की त्यातल्या एकट्या माणसाचा, हा झगडा याच मातीत, याच न्यायालयांत झाला आहे. त्या मुलाच्या काकांची गोष्ट आणि हे दोन कायदे एकत्र ठेवले तर दोन आठवड्यांचे तास सहज भरतात. आणि पंचांविरुद्ध त्याच समाजातली तरुण मुलं उभी राहतात तेव्हा संस्कृती संपत नाही, ती तिच्या माणसांच्या हातात येते, हेही मुलांना दिसतं.

विद्यापीठाने एवढ्यात का पडावं, असं कुणी म्हणेल. मी एका जुन्या पत्राची आठवण देते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी मांडला. पत्र देशभर फिरलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. ही माणसं वर्गात शिकवणारीच होती. विद्यापीठाच्या हातून काय होऊ शकतं, याचं हे आपल्याच राज्यातल्या एका मुलीशी जोडलेलं उदाहरण आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमात तेही नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी की दोनपैकी एक क्रेडिट क्षेत्रकार्याला द्यावं. एका क्रेडिटला क्षेत्रकार्याचे तीस तास लागतात. ते मुलाने जिथे असेल तिथे करावेत : फडात, वीटभट्टीवर, बाजार समितीत, घरी. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे काम हजेरीच्या जागी धरावं. त्यांच्या जाण्याचा काळ साऱ्या जिल्ह्याला पाठ आहे, विद्यापीठाच्या वेळापत्रकाला तेवढा तो माहीत नाही. नोंदी मुलाला त्याच्या बोलीत लिहू द्याव्यात, गोरमाटी असो, पारधी असो, वैदू असो, सोबत मराठीत सार असलं की पुरे.

सगळ्या महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम हवा, असा आक्षेप येईल. चौकट एक ठेवा, उदाहरणं त्या त्या भागाची घेऊ द्या. मी सोलापुरात शिकवत असते तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरुवात केली असती, त्या जमातींना डांबलेल्या, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटपासून ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द होईपर्यंत. गडचिरोलीत असते तर मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेले सामूहिक वनहक्क आणि मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली सुरू केलेली गोंडी शाळा. मुंबईत असते तर फुटपाथवरच्या माणसांचा ओल्गा टेलिस खटला आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगणारा १९८५ चा निकाल. हक्क तेच आहेत, दार वेगळं आहे.

एक धोकाही मला दिसतो आणि तो आपल्यासमोर ठेवणं माझं काम आहे. मुलांना त्यांच्या घरचं दुःख लिहायला लावून त्यावर गुण द्यायचे, हा प्रकार होता कामा नये. कुणी स्वतःच्या घराबद्दल लिहायला नको म्हटलं तर त्याला रेशन दुकान किंवा बसस्टँडवरचं स्वच्छतागृह निवडता आलं पाहिजे. वही मुलाची असेल, महाविद्यालयाची नाही. ती नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फाइलला लागणार नाही आणि गावाचं, टोळीचं, मुकादमाचं नाव बाहेर जाणार नाही, कारण पुढच्या हंगामाला त्याच माणसाकडून उचल घ्यायची असते. कुणाची संमती कशी घ्यायची, काय लिहायचं नाही, धोका दिसला तर कुणाकडे जायचं, याचे निदान चार तास क्षेत्रकार्याआधी हवेत. आणि हे शिकवायला तयारीची माणसं हवीत. उरलेल्या तासांची भर म्हणून हा पेपर कुणालाही देणं थांबवावं, ही विनंती मी स्वतःवर लागू करून करते आहे. या विषयाचं प्रशिक्षण मला कुणी दिलं नाही. जे थोडंफार येतं ते मुलांकडून शिकले.

अभ्यासमंडळाची पुढची बैठक आहे तिचा दिवस कळवावा, मी स्वखर्चाने येईन. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. वही दाखवायला तिने परवानगी दिली आहे, नावं झाकून आणि आईविषयीची पानं वगळून. ती पानं कुठली हे तिनेच खुणा करून दिलं आहे. बैठक दिवाळीआधी झाली तर तीही येईल म्हणते. दिवाळीनंतर झाली तर मला एकटीलाच यावं लागेल.

आपली,
तासिका तत्त्वावर मानवी हक्क शिकवणारी एक शिक्षिका